झूल आणि शिंगे

दिवाळी अंकातील समीक्षेच्या पानावर कादंबरीची, नाटकाची, फार तर एखाद्या चित्रप्रदर्शनाची चर्चा असावी, अशी वाचकांची अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. यंदा मात्र मी ज्या दोन कलाकृतींविषयी लिहिणार आहे त्या हातभर लांबीच्या आहेत, त्यांना चाके आहेत आणि त्या आमच्या धनजच्या मैदानावर धुरळा उडवीत धावतात. खेळण्यातल्या मोटारींवर टीकालेख लिहावयास बसलेला हा मास्तर पाहून कोणास हसू आले, तर त्याने खुशाल हसावे. गेल्या दिवाळीत या दोन गाड्यांसंबंधी मी चारचौघांत एक निकाल दिला, आणि तो चुकला. कादंबरीच्या परीक्षणात चूक झाली तर ती सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. इथे ती पाच मिनिटांत उघडी पडली. म्हणून हा लेख.

हकीकत अशी. माझे दोन जुने विद्यार्थी, एकमेकांचे चुलतभाऊ. थोरला पुण्यास नोकरीला आहे, धाकटा गावीच शेती पाहतो. दसऱ्याला आला तेव्हा थोरल्याने रेडिओच्या लहरींवर चालणाऱ्या दोन मोटारी आणल्या. खऱ्या मोटारीच्या एकदशांश मापाच्या. सांगाडा, यंत्र, बॅटरी सारे तयार; वरचे कवच मात्र कोरे, काचेसारखे आरपार दिसणारे, पॉलिकार्बोनेट नावाच्या चिवट प्लॅस्टिकचे. ते ज्याचे त्याने रंगवावयाचे. दोघांनी एकेक कवच घेतले आणि पाडव्याच्या सकाळी दोन्ही गाड्या मारुतीच्या पारावर माझ्यापुढे आणून ठेवल्या. "सर, तुमीच सांगा, कोनाची चांगली."

निकालाकडे वळण्यापूर्वी ही कला साधते कशी, ते सांगितले पाहिजे. कारण तिचे सारे सौंदर्य आणि साऱ्या अडचणी तिच्या रीतीतच आहेत. मी गाडी हाती घेऊन रंगावरून बोट फिरवू लागलो, तेव्हा धाकटा म्हणाला, "सर, हे वरून नाही रंगवत. आतून रंगवा लागते." कवच आधी साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुवावयाचे, म्हणजे बोटांचा तेलकटपणा जातो. खिडक्यांवर आतून चिकटपट्ट्या लावावयाच्या. मग जी आकृती हवी तिच्याभोवतालचा सारा भाग झाकावयाचा. कोणी कागदी पट्टी वापरतो, कोणी कुंचल्याने रबरासारखा द्रव लावून तो वाळला की धारदार पात्याने त्यात आकृती कापतो. पात्याचा दाब असा हवा की वरचा थर तुटावा, पण कवचाला ओरखडा उठू नये. मग फवाऱ्याने रंगाचे पातळ पातळ हात द्यावयाचे. घाई करून दाट हात दिला की रंग पट्टीखाली शिरतो आणि कडा विस्कटते.

आणि क्रम सारा उलटा! भिंतीवर चित्र काढणारा आधी पार्श्वभूमी रंगवतो आणि शेवटी डोळ्याचा ठिपका ठेवतो. इथे ठिपका पहिला. बाहेरून जे सर्वांत पुढे दिसावयाचे ते आतून सर्वांत आधी रंगवावे लागते, अक्षरे उलटी काढावी लागतात, आणि गडद रंग आधी, फिके मागाहून. नाहीतर मागचा काळा रंग पुढच्या पिवळ्यातून डोकावतो. सरतेशेवटी सगळ्यामागे अस्तराचा हात. तेजस्वी रंगामागे पांढरे अस्तर नसेल तर तो मलूल दिसतो.

ही रीत आपल्याला अगदीच परकी नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी काचचित्रे आहेत. काचेच्या मागल्या बाजूने रंगविण्याची ही कला अठराव्या शतकात चिनी चित्रकारांच्या हातून पश्चिम हिंदुस्थानात पोहोचली. त्या चित्रांतही नथीचा मोती आधी, मग चेहरा, मग शालू आणि पडदा शेवटी. पहिल्या रेषेत झालेली चूक पुढच्या कोणत्याही रंगाने झाकता येत नाही, कारण पुढचा प्रत्येक रंग तिच्या मागे जाऊन बसतो. खोडून पुन्हा लिहिण्यावर जगणाऱ्या माझ्यासारख्या कादंबरीकारास या कलेचा धाक वाटला, तो यामुळे.

आता कृतींकडे येऊ. थोरल्याने आपल्या गाडीवर पोळ्याच्या बैलाची झूल चितारली होती. लाल भूमीवर हिरवे-पिवळे त्रिकोण, आरशांच्या जागी रुपेरी टिकल्या, कडेने गोंड्यांची रांग. टिकल्या दोनशेच्या वर भरतील, आणि एकीचीही कडा फाटलेली नव्हती. बाजारी गाड्यांसोबत परदेशी तेलाच्या व टायरच्या नावांचे चिकटचित्रांचे ताव येतात. त्यांतले एकही त्याने वापरले नव्हते. धाकट्याची गाडी शेजारी ठेवली तर ओकीबोकी. पुढचे अर्धे अंग भडक नारिंगी, मागचे काळसर निळे, दोहोंच्या सांध्यावर छपरावरून गेलेला एक पांढरा तिरपा पट्टा, बस्स. त्यातही डाव्या चाकाजवळ निळा रंग पट्टीखाली शिरलेला. मी क्षणाचाही विचार न करता थोरल्याला पहिला क्रमांक दिला. वर 'आपल्या मातीचा आविष्कार' असे काहीसे बोललोही. पारावरच्या मंडळींनी माना डोलावल्या. धाकटा एवढेच म्हणाला, "तुमी उभी गाडी पाह्यली, सर. गाडी पयते नं."

मग मैदानावर गाड्या पळाल्या. वीस-पंचवीस पावलांवर गेल्याबरोबर थोरल्याची झूल विरघळली. लाल, हिरवा, पिवळा सारे मिसळून एक तपकिरी गोळा झाला. पुढे-मागे सारखीच नक्षी; गाडी येते आहे की जाते आहे, समजेना. दुरून चालविणाऱ्याला हे समजणे फार अगत्याचे असते, कारण गाडी त्याच्याकडे तोंड करून येऊ लागली की तिचे डावे ते त्याचे उजवे होते. थोरल्याने वळण उलटे दिले आणि गाडी हापशीच्या ओट्यावर जाऊन आदळली. कवचाला कोपऱ्यात तडा गेला. रंग मात्र निघाला नाही, इतके त्याचे काम चोख होते. धाकट्याची गाडी मैदानाच्या पार टोकाला होती, तरी नारिंगी दिसला की ती येत आहे आणि निळा दिसला की जात आहे, हे माझ्यासारख्या चष्मेवाल्यालाही कळत होते. तिरप्या पट्ट्याच्या झुकावावरून ती कोणत्या अंगाला वळली, तेही उमगत होते.

माझी चूक कोणती झाली? मी विषयाला गुण दिले, कृतीला दिले नाहीत. झूल आपली, म्हणून झुलीचे चित्र चांगले, असा माझा हिशेब. साहित्यातही आम्ही हेच करतो. कादंबरीत गावाचे नाव, बोलीतले चार शब्द आणि एक जत्रा आली की तिला मातीचा वास असल्याचे प्रशस्तिपत्र देऊन मोकळे होतो. ती कादंबरी चालते का, हे पाहतच नाही. या दोषातून माझ्या स्वतःच्या कादंबऱ्याही सुटलेल्या नाहीत.

झूल बैलावर शोभते, त्याला कारणे आहेत. पोळ्याचा बैल तोरणाखालून संथ चालतो, लोक दोन्ही अंगांना उभे राहून त्याला जवळून पाहतात. कासरा धन्याच्या हाती असतो. आमच्या विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडी, चाकांचे बैल घेऊन तान्हा पोळा भरवितात. १८०६ साली दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी ही प्रथा सुरू केली, असे नागपूरकर सांगतात. त्या बैलालाही दोरी असते. दोरी जिकडे, तिकडे त्याचे तोंड. जपानात शिझुओकाच्या तामिया कंपनीची सुरुवात १९४६ मध्ये लाकडाच्या धंद्यातून झाली. पुढे ती लाकडी खेळनमुने करू लागली आणि १९७६ मध्ये तिने रेडिओवर चालणारी पहिली मोटार, पोर्शे ९३४, बाजारात आणली. अशा खेळण्यांत दोरी नाहीशी झाली. पण दोरी जी खूण देत असे तिची गरज उरलीच. ते काम आता रंगाला करावे लागते. फाट्यावर उभा असलेला उतारू लाल रंगावरून एस.टी. दुरूनच ओळखतो, पाटी मागाहून वाचतो, तसेच हे.

म्हणजे पोळ्याच्या बैलापासून शिकण्यासारखे काही नव्हते काय? होते, पण ते झुलीत नव्हते. बैल समोरून येतो तेव्हा पाठीवरची झूल दिसत नाही, शिंगे दिसतात. हिंगुळाने रंगविलेली, बेगड लावलेली शिंगे गल्लीच्या टोकापासून सांगतात की बैल इकडे तोंड करून येत आहे. थोरल्याने झूल उचलली आणि शिंगे विसरला. धाकट्याच्या नारिंगी तोंडाला बैलाचा आकार नाही, पण शिंगांचे काम त्याने केले आहे. मी त्याला विचारले, "हा रंग पुढे दिलास, तो शिंगांवरून सुचला का रे?" तो गोंधळला. "नाही बा, सर. शिंगं तं दरसाली रंगवतो."

त्याच्या चाकाजवळचा पसरलेला निळा डाग मी आजही माफ करणार नाही. पट्टीची कडा नखाने दाबून बसविली असती तर तो टळला असता. थोरल्याचा हातही मी विसरत नाही. दोनशे टिकल्या अशा कापणारा माणूस ज्या दिवशी चाळीस पावलांवरून आपले काम पाहील, त्या दिवशी त्याच्या तोडीचे कोणी राहणार नाही. पण पहिला क्रमांक धाकट्याचा होता. तो गेल्या पाडव्याला मी त्याला दिला नाही. आज या पानावर देत आहे. यंदा दोघे पुन्हा नवी कवचे रंगवीत आहेत. मला पुन्हा पारावर बोलावले आहे. मी त्यांना निरोप धाडला आहे की येईन, पण निकाल मैदानावर देईन.