रोजचे लेखन आणि कथात्म रूप : साने गुरुजींच्या निवेदनाचा एक विचार

साने गुरुजींच्या वाङ्मयाची सूची करताना एक विभागणी सहज होऊन जाते. 'श्यामची आई', 'धडपडणारी मुले', 'आस्तिक', 'क्रांती' या कृती कथात्म वाङ्मय म्हणून एका बाजूस ठेवल्या जातात. वसतिगृहातील मुलांसाठी हाताने लिहिलेले 'छात्रालय' हे दैनिक, तुरुंगात टिपून घेतलेली विनोबांची प्रवचने, गोळा केलेल्या ओव्या, पुतणी सुधा हिला लिहिलेली पत्रे, परभाषांतील कादंबऱ्यांची रूपांतरे हे सारे 'संकीर्ण' या नावाखाली दुसऱ्या बाजूस जाते. पहिल्या गटाचे मूल्यमापन होते. दुसऱ्याचा उपयोग चरित्रकार करून घेतो. ही विभागणी सोयीची असली तरी तिच्यामुळे एक मूलभूत प्रश्न विचारलाच जात नाही. 'श्यामची आई' या कृतीचा रूपबंध आला कोठून, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न उपस्थित न होण्याला मराठी समीक्षेतील दोन परस्परविरोधी भूमिका सारख्याच कारणीभूत आहेत. संस्कारवादी वाचनाने या पुस्तकाकडे केवळ आशयाच्या अंगाने पाहिले. आईची शिकवण हेच त्याचे सर्वस्व मानले. रूपवादी समीक्षेने नेमका हाच आशय बोधवादी ठरवून पुस्तकाला आपल्या कक्षेबाहेर ठेवले. एकीने रूपाचा विचार अनावश्यक मानला, दुसरीने तो निष्फळ मानला. परिणाम एकच झाला. पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या गेलेल्या आणि आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटाने घरोघरी पोहोचलेल्या एका कथात्म कृतीची निवेदनपद्धती अभ्यासाचा विषय होऊ शकली नाही.

पुस्तकाचा काळ ध्यानात घेतला की ही उणीव अधिक जाणवते. ना. सी. फडके यांचे 'प्रतिभासाधन' १९३१ मधले. कथानकाची बांधणी, गुंतागुंत, उत्कंठा आणि उकल यांचे तंत्र मराठी कथाकादंबरीत प्रतिष्ठित होत असतानाच, १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी 'श्यामची आई'चा बहुतांश भाग अवघ्या पाच दिवसांत लिहून काढला. १९३५ मध्ये ते पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात उत्कंठा नाही, कारण आई निवर्तली आहे हे आरंभापासूनच ठाऊक असते. रहस्य नाही, गुंतवलेले आणि सोडवलेले कथानकही नाही. आहेत त्या ४२ 'रात्री'. आश्रमातील सायंप्रार्थना आटोपल्यावर श्याम आईची एक आठवण सांगतो. ऐकणारे ऐकतात, मध्ये विचारतात, उठून जातात. दुसऱ्या रात्री पुन्हा जमतात. प्रचलित तंत्राच्या दृष्टीने हा रचनेचा अभाव ठरेल. मात्र या रचनेचा सराव लेखकाने दीर्घकाळ केला होता, आणि तो 'संकीर्ण' म्हणून बाजूस सारलेल्या लेखनात केला होता.

पालगडला १८९९ मध्ये जन्मलेले पांडुरंग सदाशिव साने अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ मध्ये शिक्षक झाले. १९३० मध्ये सत्याग्रहासाठी नोकरी सोडेपर्यंत ते तेथे होते. वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे आली, आणि तेथील मुलांसाठी त्यांनी 'छात्रालय' दैनिक चालवले. हस्तलिखित दैनिक हा वाङ्मयप्रकार म्हणून विचारात घेण्याजोगा आहे. तो एका बैठकीत लिहून पुरा करावा लागतो. त्याचे आयुष्य एका दिवसाचे असते. त्याचा वाचक अज्ञात नसतो. तो समोरच्या खोलीत राहतो, त्याचे कालचे वर्तन लिहिणाऱ्याने पाहिलेले असते आणि आजच्या मजकुराचा परिणामही तो उद्या पाहणार असतो. लेखक आणि वाचक यांच्यात छपाईने निर्माण होणारे अंतर येथे नाही. त्यामुळे मजकुराची एकके लहान होतात, प्रत्येक एकक आपल्यापुरते पूर्ण असते, आणि सातत्य कथानकाने न येता बोलणाऱ्याच्या आवाजाने येते. 'श्यामची आई'तील रात्रींचे वर्णन करू गेल्यास हीच लक्षणे सांगावी लागतात.

दुसरा सराव धुळ्याच्या तुरुंगातला. १९३२ मध्ये २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत विनोबांनी दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले. अठरा अध्याय, अठरा रविवार. ही प्रवचने गुरुजींनी टिपून घेतली आणि त्यामुळेच 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आज उपलब्ध आहे. या प्रसंगाची नोंद राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात होते. वाङ्मयविचारात तिचा अर्थ वेगळा आहे. सुमारे चार महिने एक कथात्म लेखक दुसऱ्याच्या बोलण्याचा लेखनिक झाला होता. बोललेल्या वाक्याचा ओघ कागदावर कसा उतरतो, रोजच्या व्यवहारातला दृष्टान्त विवेचनाला कोठे आधार देतो, जमलेल्या माणसांकडे पाहून वक्ता कोठे थांबतो, हे त्याने हाताने लिहून अनुभवले. काळाचे एकक हेच रचनेचे एकक होऊ शकते, याचा वस्तुपाठही त्याला मिळाला. या प्रवचनांनंतर आठ महिन्यांच्या आत 'श्यामची आई' लिहिले गेले. एकातून दुसरे निघाले असा कार्यकारणभाव सिद्ध करण्याचे कारण नाही. परंतु अठरा रविवार आणि बेचाळीस रात्री यांतील रूपसाधर्म्य योगायोग म्हणून सोडून देणेही समीक्षेला परवडणारे नाही.

या लेखनिकपणाला मराठीत मोठी परंपरा आहे. ज्ञानदेवांचे निरूपण सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतले असे परंपरा सांगते. चक्रधरांच्या लीळा म्हाइंभटांनी ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडून मिळवल्या. मराठी गद्याच्या आरंभीच 'सांगणारा, ऐकणारे आणि लिहून घेणारा' अशी तिपेडी रचना आढळते. वाल्टर बेन्यामिन यांनी लेस्कोव्हवरील १९३६ च्या निबंधात कथा सांगणारा आणि कादंबरीकार यांत भेद केला: पहिला अनुभव तोंडोतोंडी पुढे देतो, दुसरा एकाकी माणसाकडून एकाकी वाचकाकडे जातो. युरोपीय संदर्भात हा भेद एका ऱ्हासाची नोंद म्हणून येतो. 'श्यामची आई' हे मात्र मुद्रणाच्या युगात, तुरुंगातल्या एकांतात बसून केलेले सांगणे आहे. आश्रम, प्रार्थना आणि श्रोते हे लेखकाने उभे केलेले आहेत. जो श्रोतृसमाज अमळनेरच्या वसतिगृहात प्रत्यक्ष होता, तो नाशिकच्या तुरुंगात कल्पित झाला. कल्पनाशक्तीचे काम येथे प्रसंगनिर्मितीत शोधण्यापेक्षा श्रोत्याच्या निर्मितीत शोधले पाहिजे.

या रूपबंधाचे सामर्थ्य पुस्तकाच्या उत्तरार्धात दिसते. 'पत्रावळ' किंवा 'श्यामचे पोहणे' या रात्री स्वयंपूर्ण आहेत. प्रसंग, त्यातली कसोटी आणि त्यातून मिळालेली शिकवण असे त्यांचे वर्तुळ त्याच रात्री मिटते. 'कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक', 'अब्रूचे धिंडवडे' या रात्रींत तसे होत नाही. कर्ज एका रात्रीत फिटत नाही. ते पुढच्या रात्रीत जाते. अपमानाला उत्तर मिळत नाही. शिकवणीपेक्षा घडलेली गोष्ट मोठी होते आणि निवेदकाचा आश्वासक स्वर तिला पुरा पडत नाही. रोजच्या स्वतंत्र आठवणींच्या साठ्यातून एका कोकणी घराच्या आर्थिक नाशाची कहाणी अशा रीतीने साकार होते. कादंबरीचा घाट येथे आधी योजलेला नाही; तो साचत गेला आहे. संस्कारवादी वाचनाने सुटे सुटे धडे उचलल्यामुळे हा घाट झाकला गेला, आणि रूपवादी समीक्षेने त्या धड्यांनाच पुस्तक समजल्यामुळे तो तिला दिसला नाही.

तथापि याच सरावाने लेखकाला मर्यादाही घातल्या, हे मान्य केले पाहिजे. दैनिकाचा वाचक लिहिणाऱ्याचा विद्यार्थी असतो. तो विचारतो, पण वाद घालत नाही. आश्रमातले श्रोतेही तसेच आहेत. त्यांचे प्रश्न निवेदकाला पुढे बोलते करण्यासाठी येतात. श्यामच्या आठवणीला दुसरी बाजू असू शकेल, ही शक्यता ते निर्माण करीत नाहीत. 'धडपडणारी मुले'सारख्या कादंबरीत, जेथे रात्रींची चौकट नाही, तेथे हा सहमत श्रोता पात्रांच्या रूपाने कथेत शिरतो आणि संवादांची भाषणे होतात. रूपांतरांतही हीच प्रवृत्ती आढळते. जॉर्ज एलियटच्या 'सायलस मार्नर'चा 'मनूबाबा' होतो, ह्यूगोच्या 'ले मिझराब्ल'चे 'दुःखी' होते. परका अनुभव घरचा होतो ही त्यांची कमाई, आणि मूळातला प्रतिकूल, कोडगा भाग मवाळ होतो ही त्यांची किंमत. ज्याला सर्व काही आजच्या आज, जवळच्या माणसाला सांगायचे आहे, त्याला अनुभवातले न सांगता येणारे अवशेष बाजूला ठेवावे लागतात.

अधिक गंभीर मर्यादा भाषेची आहे. अमळनेरहून सुरतेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर बेटावद, नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा ही गावे लागतात. या पट्ट्यात अहिराणी बोलली जाते. नरडाण्याच्या घरात अहिराणी ऐकत वाढलेला वाचक 'श्यामची आई' हाती घेतो तेव्हा त्याला आपल्या मुलखात सरावलेली निवेदनपद्धती भेटते. त्याचा मुलूख मात्र भेटत नाही. भूमी पालगड-दापोलीची आहे आणि भाषा प्रमाण मराठी. खानदेशाने गुरुजींना श्रोता दिला; त्या श्रोत्याची बोली कथनात आली नाही. हे विशेष अशासाठी की लोकांच्या बोलण्याकडे त्यांचे दुर्लक्ष नव्हते. 'स्त्रीजीवन'साठी त्यांनी बायकांच्या ओव्या जमवल्या. जात्यावरची ओवी हेही रोजचे, एका बैठकीचे, कामाच्या लयीत बांधलेले वाङ्मय आहे. 'छात्रालय'शी तिचे नाते जवळचे आहे. पण ओवी संग्रहात राहिली. कथेत तिच्या बोलीला निवेदकाचा अधिकार मिळाला नाही.

याच काळात जळगावात बहिणाबाई चौधरी घरची-शेतातली कामे करता करता रचना करीत होत्या आणि त्या इतरांनी लिहून घेतल्या म्हणून टिकल्या. 'बहिणाबाईंची गाणी' १९५२ मध्ये, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह, प्रसिद्ध झाली. बहिणाबाई १९५१ मध्ये निवर्तल्या होत्या, गुरुजी १९५० मध्ये. एकाच प्रदेशात, एकाच काळात, रोजच्या कामातून निर्मिती करणाऱ्या या दोन प्रवृत्ती वाङ्मयात एकमेकींना भेटल्या नाहीत. खानदेशच्या वाङ्मयेतिहासाला या न झालेल्या भेटीचा विचार करावा लागेल.

कथात्म गद्यात ही बाजू पुढे भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'ने (१९६३) उचलली. पांडुरंग सांगवीकर हाही आठवणी सांगणारा निवेदक आहे, आणि त्याच्या निवेदनात रोजनिशीचे रूप प्रत्यक्ष वापरले आहे. पण येथे दिवसाची नोंद कोणाला काही शिकवण्यासाठी होत नाही. मनीच्या मृत्यूपुढे सांत्वन करणारा श्रोतृसमाज नाही. श्यामच्या आईचे मरण जमलेल्या माणसांत वाटून घेतले जाते. मनीचे मरण वाटता येत नाही. 'कोसला' ही गुरुजींच्या परंपरेला दिलेली प्रतिक्रिया होय, असे विधान येथे अभिप्रेत नाही. रोजच्या लेखनाची एकच पद्धत श्रोता असताना आणि श्रोता नसताना किती भिन्न कथात्म रूपे घेते, हे या दोन कृती शेजारी ठेवल्यावर स्पष्ट होते. प्रदेशाची बोली निवेदनात आली ती श्रोता नाहीसा झाल्यावर, हेही त्याच वेळी लक्षात येते.

लेखकाच्या रोजच्या लेखनउद्योगांना 'संकीर्ण' मानण्याची सवय म्हणूनच केवळ सूचीपुरती राहत नाही. ती कृतीचा रूपबंध झाकते, त्याचे सामर्थ्य धडा म्हणून वापरते आणि त्याची मर्यादा लेखकाच्या भाबडेपणाच्या खात्यावर टाकते. 'छात्रालय'चा विद्यार्थी, धुळ्याच्या तुरुंगातला रविवार आणि ओवी सांगणारी बाई ही गुरुजींच्या कथात्म वाङ्मयाची पार्श्वभूमी नव्हे. त्याच्या घडणीचे ते घटक आहेत. त्यांपैकी पहिल्या दोघांना कथेत जागा मिळाली आणि तिसरीला मिळाली नाही. या निवडीची मीमांसा हे साने गुरुजींवरील समीक्षेपुढचे खरे काम आहे.