सावलीचे शास्त्र आणि ‘सामान्य वाचक’

मराठीत विज्ञान सुबोध करून सांगण्याची परंपरा लहान नाही. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दिग्दर्शन’ १८४० साली निघाले. ‘सृष्टिज्ञान’ मासिक १९२८ साली सुरू झाले. मराठी विज्ञान परिषद १९६६ साली स्थापन झाली, आणि तिच्या १९७४ च्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांची ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. या सगळ्या प्रयत्नांमागची तळमळ खोटी होती असे म्हणण्याचा करंटेपणा मी करणार नाही. परंतु या लेखनाच्या प्रस्तावनांतून एक शब्द सतत भेटतो: ‘सामान्य वाचक’. या सामान्य वाचकासाठी आम्ही सोपे लिहितो, असे लेखक सांगतो. हा सामान्य वाचक कोण, तो कुठे राहतो, काय काम करतो, हे मात्र तो सांगत नाही. सांगण्याची गरज त्याला वाटत नाही, कारण तो वाचक त्याच्या शेजारच्याच घरात राहतो.

दाखल्यांवरून वाचक ओळखता येतो. डावे-उजवे यांतला फरक आणि अवकाशाची उलटापालट यांवर कथा लिहायची तर नारळीकरांना ‘उजव्या सोंडेचा गणपती’ सुचतो. कथा चतुर आहे, तिच्यातले विज्ञान पक्के आहे. लेखकाने आपल्या घरातली वस्तू उचलून बोलावे यातही गैर काही नाही. पण आपल्या घरातली वस्तू म्हणजे महाराष्ट्राच्या प्रत्येक घरातली वस्तू, असे गृहीत धरले की घोटाळा होतो. १९५६ साली ज्यांनी देव्हारा घराबाहेर ठेवला त्यांच्या घरात तो गणपती नाही. त्यांना कथा कळणार नाही असे नव्हे. ती त्यांना उद्देशून लिहिलेली नाही, एवढे मात्र त्यांना पहिल्याच पानावर कळते.

यावर एक ठरावीक उत्तर दिले जाते, की अडचण भाषेची आहे, संस्कृतप्रचुर परिभाषा टाका म्हणजे विज्ञान तळागाळात पोचेल. हे निदान अर्धेच खरे आहे. मराठवाड्याला ते चांगले तपासून पाहता येते. निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठाने उर्दूतून विज्ञान शिकवले. तिथे रसायनाला ‘कीमिया’ आणि पदार्थविज्ञानाला ‘तबीयात’ म्हणत. १९४८ नंतर राज्य बदलले आणि शाळेच्या फळ्यावर ‘रसायन’ व ‘भौतिकी’ आले. एकाच पिढीच्या डोळ्यांदेखत अरबीची पगडी उतरली आणि संस्कृतचे पागोटे चढले. गावकुसाबाहेरच्या माणसाला दोन्ही सारखीच परकी होती. त्याच्याशी बोलताना ना पहिलीने आपली पगडी उतरवली, ना दुसरीने.

पण त्याच मराठवाड्यात आज कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. नत्र, स्फुरद आणि पालाश हे शब्द तो सहज बोलतो. ‘स्फुरद’ हा शब्द काही जात्यावरच्या ओवीतून आलेला नाही. तोही परिभाषेच्या कारखान्यातच घडला आहे. तरी तो रुळला, कारण तो खताच्या पोत्याबरोबर आला, पिकाच्या रंगाशी आणि कर्जाच्या हिशेबाशी जोडला गेला. तात्पर्य, शब्द अवघड असतो म्हणून विज्ञान अडत नाही. माणसाच्या हिताशी त्याची गाठ पडली नाही म्हणजे ते अडते. सुबोधता हा व्याकरणाचा प्रश्न नाही, संबंधाचा आहे.

हा संबंध कसा तुटतो ते ग्रहणाच्या उदाहरणावरून पाहू. विज्ञान सोपे करून सांगणाऱ्यांचा हा आवडता विषय. एक दिवा, एक चेंडू आणि एक लिंबू घेतले की काम भागते. चंद्राचा व्यास सूर्याच्या सुमारे चारशेव्या हिश्शाइतका आहे आणि योगायोग असा की सूर्यापेक्षा तो सुमारे चारशे पटींनी जवळही आहे. म्हणून एवढासा चंद्र एवढ्या मोठ्या सूर्याला झाकू शकतो. चंद्राची कक्षा सुमारे पाच अंशांनी कललेली आहे, म्हणून दर अमावास्येला ग्रहण लागत नाही. शेवटी लेखक म्हणतो: ग्रहण म्हणजे केवळ सावली, राहू-केतू ही अंधश्रद्धा. लेख संपतो.

लेख संपतो तिथेच आमचा प्रश्न सुरू होतो. ग्रहणाला गावात जात होती. ग्रहण लागले की महार-मांगांनी ‘दे दान, सुटे गिराण’ असे ओरडत दारोदार हिंडायचे आणि विटाळलेले धान्य, जुनेर पदरात घ्यायचे. काही ठिकाणी राहू-केतूंनाच अस्पृश्य जातीचे ठरवले होते. सूर्याला त्यांचा स्पर्श झाला म्हणून सूर्य बाटला, आणि त्यांच्या जातभाईंना दान दिले म्हणजे तो सुटतो! म्हणजे ग्रहण ही नुसती आकाशातली गैरसमजूत नव्हती. अस्पृश्यतेचा सिद्धान्त आकाशावर लिहून ठेवण्याची ती युक्ती होती. एका वस्तीत मी हाच चेंडू-लिंबाचा प्रयोग करून दाखवला तेव्हा एका म्हाताऱ्या आजीने विचारले, “सावलीच हाय म्हंतोस, तर मंग मागाया आमालाच का धाडत व्हते?” विज्ञानाच्या कोणत्याही सुबोध पुस्तकात मला या प्रश्नाचे उत्तर वाचायला मिळालेले नाही.

‘केवळ सावली’ हे शब्द पुन्हा ऐकावेत. कोणत्या समाजात आपण हे बोलतो आहोत? पेशवाईत सवर्ण समोरून येत असेल तर अस्पृश्याला सार्वजनिक रस्त्याने जाता येत नसे, कारण त्याच्या सावलीने विटाळ होई. बाबासाहेबांनी १९३६ साली जातिभेदाच्या निर्मूलनावरील आपल्या लेखी भाषणात याची नोंद केली आहे. ज्या समाजात माणसाची सावली हीच बाटवणारी वस्तू होती, तिथे ‘ग्रहण ही केवळ सावली आहे’ असे सांगून भीती जात नाही, उलट तिला आधार मिळतो. तिथे आधी सावलीचे शास्त्र सांगितले पाहिजे. सावली ही वस्तूच नव्हे. प्रकाश अडला की जी उणीव उरते तिला आपण सावली म्हणतो. तिला वजन नाही, गंध नाही. ती काही घेऊन येत नाही, काही मागे ठेवून जात नाही. चंद्राची असो, ब्राह्मणाची असो की मांगाची. हे एक वाक्य नीट समजावले तर आकाशातला राहू आणि रस्त्यावरचा विटाळ एकाच वेळी कोसळतात. आमचे विज्ञानलेखक पहिला पाडतात आणि दुसऱ्याला वळसा घालून घरी जातात.

यावर कुणी म्हणेल, पूर्वी लोकांना ठाऊक नव्हते, आता सांगत आहोत. हेही खरे नाही. आर्यभटाने ४९९ सालीच ग्रहण सावलीमुळे होते असे सांगितले होते. ब्रह्मगुप्ताला ६२८ साली हे गणित उत्तम येत होते, तरी त्याने राहूची बाजू घेतली. अल्-बिरुनीने १०३० च्या सुमारास लिहिलेल्या हिंदुस्थानवरील ग्रंथात त्याला याबद्दल धारेवर धरले आहे: जाणणारा माणूस जाणूनबुजून असे का लिहितो? त्यानंतरही पंचांगात ग्रहणाची वेळ घटका-पळांनिशी छापली जात राहिली. ती वेळ राहूच्या भुकेवरून काढता येत नाही, सूर्य-चंद्राच्या गतीवरूनच काढावी लागते. गणित पोथीत आणि राहू गावात, अशी ही वाटणी होती. ज्ञान नव्हते म्हणून अंधश्रद्धा टिकली असे नव्हे. ज्ञान होते, पण ते खाली येऊ दिले नाही. ज्ञानाच्या या अडवणुकीचा इतिहास न सांगता जो ग्रहण समजावतो, तो लोकांच्या अज्ञानाचा दोष लोकांवरच टाकतो.

नारळीकरांवर मात्र येथे अन्याय होता कामा नये. २००८ साली पुण्यात त्यांनी नरेंद्र दाभोलकरांच्या साथीने फलज्योतिषाची जी चाचणी घेतली, ती माझ्या मते मराठी भूमीवरचा सर्वोत्तम सुबोध विज्ञानपाठ आहे. हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर पत्रिका गोळा केल्या. सत्तावीस ज्योतिषी पुढे आले, प्रत्येकाला चाळीस पत्रिका दिल्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगितले. सरासरी शेकडा सेहेचाळीस उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून सांगितले असते तरी पन्नासाच्या आसपास आली असती. या पाठात माहिती फार नाही, पद्धत आहे. ‘मी सांगतो म्हणून माना’ असे त्यात कुणी म्हणत नाही, ‘तपासा’ म्हणतो. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ‘कृष्णविवर’ ही कथा त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवली होती. लेखन तपासावे, नाव तपासू नये, ही त्यामागची भूमिका. ज्या देशात आडनाव ऐकल्यावर गुण ठरतात, तिथे ही वैज्ञानिक वृत्ती प्रयोगशाळेबाहेर आली तर केवढी उलथापालथ होईल!

आता शेवटचा आणि सर्वांत कठीण दाखला. गटारात उतरणाऱ्या माणसासाठी मराठीत कुणी विज्ञान लिहिले आहे काय? मैला प्राणवायूविना कुजला की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण हवेच्या दहा लाख भागांत तो शंभर भागांच्या आसपास गेला की नाकच बधिर होते. वास थांबला म्हणजे वायू गेला असे माणसाला वाटते. वस्तुतः त्याच घटकेला धोका वाढलेला असतो. प्रमाण आणखी काही पट वाढले की माणूस कोसळतो. गाळ ढवळला की त्यात अडकलेला वायू एकदम वर येतो, म्हणून झाकणापाशी हवा बरी वाटली तरी ती ग्राह्य धरता येत नाही. विहिरीत कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत इथे उलट घात करते. कंदील प्राणवायूची उणीव सांगेल, विषाची सांगणार नाही. आणि खाली मिथेन असेल तर भडका उडेल. पहिला पडला म्हणून दुसरा धावतो आणि तोही पडतो.

मी हे अवघ्या दहा-बारा वाक्यांत लिहिले. त्यात एकही वाक्य कृष्णविवरापेक्षा अवघड नाही. मग ते सुबोध विज्ञानाच्या पुस्तकांत का सापडत नाही? कारण उघड आहे: गटारात उतरणारा हा ‘सामान्य वाचक’ नव्हे. हाताने मैला साफ करण्यास बंदी करणारा कायदा २०१३ साली झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली गटारातील मृत्यूसाठी दहा लाखांची आणि २०२३ साली तीस लाखांची भरपाई ठरवली. मृत्यूची किंमत वाढली, पण तो कशाने येतो हे त्या माणसाला त्याच्या भाषेत सांगणारे पुस्तक आले नाही. आणि हे ज्ञान त्याला सांभाळून कसे उतरावे यासाठी द्यायचे नाही. उतरणार नाही, असे म्हणता यावे म्हणून द्यायचे आहे. दलित साहित्याने ‘नकार’ हा शब्द मराठीला दिला. त्या नकाराच्या पाठीशी हायड्रोजन सल्फाइडचे शास्त्र उभे राहिले तर मुकादमापुढे तो अधिक ठाम होईल.

येथे आपल्याही साहित्याला विचारले पाहिजे. जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणात शेतीचे आणि आरोग्याचे ज्ञान मागितले, आणि १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जमीन, पाणी, बांध यांचा विचार शोषणाच्या विचाराशी एकाच दोरीने बांधला. विज्ञान सांगावे तर असे, हा धडा त्यांनी घालून दिला होता. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली या शहरात महाविद्यालय उघडले. नागसेनवनातून कवी निघाले, तसे विज्ञानाचे पदवीधरही निघाले. कवींनी आपला अनुभव लिहिला. पण ज्यांनी परीक्षानळी हातात धरली त्यांनी आपले विज्ञान आपल्या वस्तीसाठी फारसे लिहिले नाही. आत्मकथनांत शाळेबाहेरचा पाण्याचा माठ आला, शाळेतली प्रयोगशाळा क्वचितच आली. वेदना सांगण्याचे काम आपण केले. आता कारण सांगण्याचे कामही आपल्याच माणसांनी हाती घेतले पाहिजे, कारण ते काम इतरांवर सोपवून काय झाले ते वर पाहिलेच.

म्हणून सुबोध विज्ञानलेखनाकडे मी तीन प्रश्न घेऊन जातो. हे ज्ञान आजवर कुणाजवळ होते आणि कुणाला सांगितले गेले नाही? ज्याच्या जिवाशी त्याचा संबंध आहे तो माणूस या लेखात कुठे उभा आहे? आणि हे वाचल्यावर त्याला काही तपासता येईल काय, काही नाकारता येईल काय? ज्या लेखनात या प्रश्नांची उत्तरे नाहीत ते सोपे असेल, रंजक असेल, पारितोषिकपात्रही असेल. पण ते सर्वांसाठी आहे असा दावा त्याने करू नये.