ध्वज आणि ध्वजस्तंभ : बिळाशी सत्याग्रहाचा अन्वयार्थ

सातारा-सांगली परिसराच्या स्वातंत्र्यलढ्यावरील लेखनात तिरंगा बहुधा केवळ राष्ट्रनिष्ठेचे प्रतीक म्हणून येतो. हे आकलन अपुरे आहे. १९३० साली तत्कालीन सातारा (आज सांगली) जिल्ह्यातील बिळाशीच्या ग्रामस्थांनी सरकारी जंगलातील साग तोडून त्याच्याच खांबावर झेंडा उभारला. येथे कापडापेक्षा खांब अधिक बोलतो. जंगल कायद्याचा भंगच गावात उभा राहिला. पोलीस तो उतरविण्यास आले तेव्हा राजूताई कदम यांच्यासारख्या स्त्रिया त्याच्या रक्षणासाठी पुढे सरसावल्या. ३ सप्टेंबर १९४२ रोजी तासगावच्या मोर्चाने मात्र तिरंगा थेट मामलेदार कचेरीवर फडकविला. बिळाशीने जंगलावर हक्क सांगितला, तासगावने कचेरीवर. दोन्ही घटना एकाच ध्वजवंदनाच्या चौकटीत बसविणाऱ्या अभ्यासकांच्या हातून शेतकऱ्याची गुरचराईची आणि जळणाची तक्रार निसटते.