पाणबुडीसाठी माणसे चाळताना

१९६० साली ‘ट्रायटन’ या अमेरिकन अणुपाणबुडीने पाण्याखालून पृथ्वीप्रदक्षिणा केली. सुमारे दोन महिने सूर्यप्रकाश नाही, एकांत नाही आणि जीव घुसमटला तरी बाहेर पडायची सोय नाही. खलाशांच्या मनःस्थितीच्या नोंदी घेण्यासाठी बेंजामिन वेब्रू हे मानसशास्त्रज्ञही सोबत होते. अशा ठिकाणी एकाचा तोल गेला तर सगळ्यांचाच जीव धोक्यात येतो. म्हणून माणसे आधीच पारखून घ्यावीत, हे कुणालाही पटेल.

त्यासाठी अमेरिकन नौदलाच्या ग्रोटन येथील पाणबुडी प्रशालेत १९८६ पासून ‘सबस्क्रीन’ नावाची लेखी चाचणी घेतली जाऊ लागली. तिच्यात २४० प्रश्न होते. ज्यांची उत्तरे शंकास्पद वाटतात, त्यांची तज्ज्ञ समक्ष मुलाखत घेतात. ही दुसरी पायरी का हवी, हे साध्या गणिताने कळते.

समजा, १००० उमेदवारांपैकी ३० जण खरोखर टिकणार नाहीत आणि चाचणी दोन्ही बाजूंनी ९० टक्के अचूक आहे. ३० पैकी २७ जण सापडतील. पण उरलेल्या ९७० चांगल्या उमेदवारांपैकीही ९७ जणांवर ठपका येईल! म्हणजे ‘अयोग्य’ ठरलेल्या १२४ जणांत ९७ जण योग्यच असतील. जो दोष मुळात विरळ असतो, तो शोधताना चांगली चाचणीही अशी फसते.

याहून मोठी अडचण वेगळीच आहे. ज्याला नाकारले तो समुद्रावर जातच नाही. मग तो तिथे टिकला असता की नाही, हे कसे कळणार? चुकून घेतलेला माणूस दिसतो, चुकून नाकारलेला कधीच दिसत नाही. त्यामुळे केवळ गुणांवरून माणसे वगळणारी चाचणी स्वतःची ही चूक कधीच पकडू शकत नाही. शिवाय नोकरी हवी असलेला तरुण मनातले खरे लिहील, असेही नाही.

म्हणून अशी प्रश्नावली चाळणी म्हणून ठीक आहे, निवाडा म्हणून नाही.

शिक्षकांनी वरचे गणित वर्गात फळ्यावर जरूर करून घ्यावे. आपल्या शाळांतही कल-चाचण्या होतात. एखाद्या मुलीला ‘विज्ञान तुझा प्रांत नव्हे’ असे सांगण्यापूर्वी आपण विचारावे : अशीच उत्तरे देऊनही विज्ञानात रमलेली मुले किती? आणि ती मोजण्याची संधी आपण ठेवली आहे का?