‘शिरस्त्राण वापरावे’: एक चिकित्सा

बांधकामावर ‘शिरस्त्राण वापरावे’ अशा धर्तीची पाटी असते. हे विध्यर्थी वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होय. त्यातील कर्ता मात्र अध्याहृत आहे. तो मजूरच मानला जातो व साधन पुरविणारा वाक्याबाहेर राहतो. १९९६ च्या केंद्रीय अधिनियमाने सुरक्षिततेचे दायित्व मालकावर ठेवले होते. पाटी ते मजुराच्या माथी मारते. विश्रांतवाडीनजीक येरवड्यास ३ फेब्रुवारी २०२२ रोजी बांधकामातील लोखंडी जाळी कोसळून ५ मजूर मृत्यू पावले. तेवढ्या भाराखाली शिरस्त्राण काय करणार? तेथे आधार तपासणाराच कर्ता हवा. ‘मालकाने साधने पुरवावीत, मुकादमाने आधार तपासावा’ अशी सकर्तृक वाक्ये अपघात टाळतीलच असे नव्हे. परंतु उत्तरदायी कोण, हे त्यांत लपणार नाही.