प्रवासवर्णनाच्या गावकुसाबाहेर

आमच्या अमडापूरच्या वस्तीतला एक मुलगा दोन वर्षांपूर्वी शिकायला मेलबर्नला गेला. त्याला चिखलीच्या एस.टी.त बसवून द्यायला निम्मी वस्ती थांब्यावर आली होती. मी त्याचा जुना शिक्षक. निघताना त्याला म्हटले, प्रवासावर काहीतरी लिही, आपल्या माणसांना वाचायला देऊ. परवा त्याचे लिखाण आले. हाताने लिहिलेली साडेचार पाने. त्यांतली चार पाने त्याच्या घरमालकिणीवर आहेत आणि अर्धे पान त्याच्या स्वतःवर. शेवटी मला एक प्रश्न विचारला आहे : "सर, ही माणसे जगाच्या टोकाला सहज उठून जातात. आपल्या लोकांना प्रवासाची हौस का नाही?"

या साडेचार पानांची समीक्षा करावी असे मला वाटले. कारण ही विभागणी त्या मुलाची एकट्याची नाही. चार पाने दुसऱ्याच्या प्रवासाला आणि अर्धे पान आपल्याला, हे प्रमाण त्याला मराठी प्रवासवर्णनाने शिकवले आहे.

आधी घरमालकीणबाईंविषयी. बाई इंग्लंडच्या. १९६५ साली नवऱ्याबरोबर बोटीने ऑस्ट्रेलियात आल्या. माणशी भाडे दहा पौंड, मुले फुकट. बाकीचा खर्च सरकारचा. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियन सरकारने ही योजना काढली आणि दहा लाखांहून अधिक ब्रिटिश माणसे तिच्यातून तिकडे गेली. अट एकच, दोन वर्षे राहायचे. त्याआधी परतायचे असेल तर प्रवासखर्च भरून द्यायचा. मुलाने बाईंची गोष्ट रंगवून लिहिली आहे. सुवेझ, एडन, विषुववृत्त ओलांडतानाची गंमतजत्रा. बाईंच्या आयुष्यातली ती पहिली सुट्टी होती म्हणे. पसंत पडले तर राहू, नाही तर दोन वर्षांनी परत, असा सगळा हिशेब.

बाईंवर मला टीका करायची नाही. त्या काही लाटसाहेबाच्या घरातल्या नव्हत्या. युद्धाने खंगलेल्या देशातली ती कामगार माणसे होती. उतरल्यावर पत्र्याच्या अर्धगोल बराकींत त्यांना ठेवले जाई. त्या बराकींत उन्हाळ्यात अंग भाजत असे. सुमारे चौथाई लोक कंटाळून परत गेले आणि त्यांतले बरेच इंग्लंडच्या पावसाला कंटाळून पुन्हा ऑस्ट्रेलियात आले. माणसांच्या या चंचलपणाची मला मौजच वाटते. पण चंचल असण्याची मुभा कोणाला असते? जाऊन पाहू, नाही जमले तर येऊ, हे वाक्य बोलण्यासाठी मागे घर असावे लागते आणि पुढे दार उघडे असावे लागते.

ते दार बाईंसाठी कसे उघडे राहिले, हे मुलाने लिहिलेले नाही. १९०१ साली ऑस्ट्रेलियात कायदा झाला. नको असलेल्या माणसाला बंदरावर कोणत्याही युरोपीय भाषेत पन्नास शब्दांचे श्रुतलेखन घालायचे. नापास झाला की बोटीत परत. कायद्यात वर्णाचा शब्द नाही. गावच्या विहिरीवर तरी पाटी कुठे असते? १९३४ मध्ये एगॉन किश हा बहुभाषी पत्रकार तिकडे गेला. तो कम्युनिस्ट म्हणून सरकारला नको होता. त्याला अनेक युरोपीय भाषा येत, म्हणून त्याची परीक्षा स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत घेतली. परीक्षक मनाशी निकाल ठरवून बसला की भाषा कितीही सापडतात. ही परीक्षा १९५८ पर्यंत होती आणि गोऱ्यांपुरता ऑस्ट्रेलिया हे धोरण अखेर १९७३ मध्ये सोडले गेले. बाई आल्या त्या साली आमच्या मुलाचा आजोबा त्या धक्क्यावर उतरला असता तर? आज दार उघडे आहे, पण २०२५ च्या जुलैपासून विद्यार्थ्याच्या व्हिसाच्या नुसत्या अर्जाचे दोन हजार डॉलर पडतात. अर्ज नाकारला तरी ते परत नाहीत.

आता हौशीविषयी. आपल्या लोकांना प्रवासाची हौस नाही, हे म्हणणे मुळातच उलटे आहे. गावगाड्यात सर्वांत जास्त चालला तो महार. सांगावा घेऊन परगावी जायचे, मयताची खबर द्यायची, अंमलदाराच्या घोड्यापुढे धावायचे, ओझे दुसऱ्या गावच्या शिवेवर नेऊन टाकायचे. गावाचा सगळा प्रवास महाराच्या पायांनी झाला. पुढे गिरण्या, रेल्वे, गोद्या निघाल्या तेव्हा गाव सोडून जाणाऱ्यांत आपली माणसे आघाडीवर होती. आमच्या बाजूची खामगाव-अकोल्याच्या जिनिंगमध्ये गेली, नागपूरला गेली, मुंबईला गेली. आजही दिवाळी सरली की वस्तीतली चार दारे बंद दिसतात. एवढे चालूनही आपल्या खात्यावर प्रवास म्हणून काही जमा नाही.

समुद्राचेही तेच. बौधायन धर्मसूत्रात समुद्रगमन पातित्य आणणाऱ्या कृत्यांत मोजले आहे. एकोणिसाव्या शतकात परदेशाहून परतलेल्या उच्चवर्णीयांना प्रायश्चित्ताचे त्रांगडे सोडवावे लागे. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला निघाल्या तेव्हा केवढा गहजब झाला. त्या धैर्याला मी कमी लेखत नाही. पंडिता रमाबाईंचे 'यूनाइटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' १८८९ मध्ये आले. ते आजही प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावे, कारण त्या बाई परक्या देशाकडे पाहताना आपल्या समाजाचे माप विसरत नाहीत. पण त्याच शतकात मुंबई इलाख्याच्या फौजेतले महार शिपाई बोटीत बसून परमुलखात लढायला जात होते. त्यांना प्रायश्चित्त नव्हते, कारण बाटण्यासारखे त्यांच्यापाशी काही ठेवलेलेच नव्हते. त्यांच्या सफरींची पुस्तके झाली नाहीत. ज्यांना समुद्र बंद होता त्यांचे समुद्रवर्णन मराठीत वाङ्मय ठरले आणि ज्यांना तो बंद नव्हता त्यांच्या हाती लेखणी नव्हती.

पुढे या वाङ्मयप्रकाराला भर आला. अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' १९४० चे, गंगाधर गाडगीळांचे 'साता समुद्रापलीकडे', पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' १९६० ची. यांतली गोडी नाकारण्याचा कोतेपणा मी करणार नाही. 'अपूर्वाई' मी वर्गात मोठ्याने वाचली आहे आणि मुले हसून लोळली आहेत. पण या पुस्तकांवरून आस्वादक समीक्षेने जो नियम बसवला तो तपासायला हवा. प्रवासवर्णनात निसर्ग हवा, माणसांचे नमुने हवेत, लेखकाचे प्रसन्न व्यक्तिमत्त्व हवे. प्रसन्न! हा शब्द ज्याने घातला त्याला स्टेशनावर उतरल्यावर कधी जात विचारली गेली नव्हती. घरी सुरक्षित असलेल्या माणसाने बाहेर जाऊन नवलाई पाहावी आणि घरी येऊन सांगावी, एवढाच या नियमाचा पैस आहे. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'त पाठीवर बिऱ्हाड घेऊन पानोपानी वाट चालली आहे. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये गाव आणि मुंबई यांच्यामधली येरझार सारखी चालू आहे. समीक्षेने त्यांना आत्मकथनाच्या वस्तीत जागा दिली. प्रवासवर्णनाच्या वाड्यात त्यांना कोणी बोलावले नाही. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, त्यांना हजेरी दिल्यावाचून गाव सोडता येत नव्हते. तो कायदा १९५२ पर्यंत टिकला. त्या माणसाने एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणे हा प्रवास नाही, तर काय आहे?

या मुद्द्याचा कस लावायला एकच पुस्तिका पुरे. बाबासाहेबांनी १९३५-३६ च्या सुमारास इंग्रजीत काही आठवणी लिहिल्या. मराठीत त्या 'व्हिसाच्या प्रतीक्षेत' या नावाने ओळखल्या जातात. १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मूळ मजकूर छापला. आपण ती पुस्तिका अस्पृश्यतेचा पुरावा म्हणून वाचतो. एकदा प्रवासवर्णन म्हणून वाचून पाहा. पहिलाच प्रसंग १९०१ चा. साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघालेली नवे कपडे घातलेली मुले. मसूर स्टेशनवर न्यायला कोणी आलेले नाही. स्टेशनमास्तर प्रेमाने चौकशी करतो आणि जात कळताच त्याचा चेहरा पालटतो. गाडीवान मिळत नाही. अखेर दुप्पट भाडे ठरते, गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे. बरोबर अन्न आहे, पण पाणी मिळत नाही, म्हणून रात्र उपाशी जाते. नाकेदाराकडे तर त्यांना मुसलमान असल्याचे सांगावे लागते.

ज्या वर्षी ऑस्ट्रेलियाच्या बंदरावर पन्नास शब्दांची परीक्षा सुरू झाली, त्याच वर्षी मसूरच्या फलाटावर एका शब्दाची परीक्षा घेतली गेली. आणि इथे उमेदवार परदेशी नव्हता.

पुढे हाच मुलगा १९१३ मध्ये न्यूयॉर्कला गेला. तिथे त्याला वाचनालय, खानावळ, मित्र, सगळे मिळाले. १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्याला आला तेव्हा राहायला जागा मिळेना. पारशाच्या धर्मशाळेत नाव बदलून राहिला आणि काठ्या घेतलेल्या जमावाने त्याला बाहेर काढले. १९२९ मध्ये चाळीसगावला एकही टांगेवाला त्याला न्यायला तयार नव्हता. आपल्याच माणसांनी टांगा भाड्याने घेतला, हाकायची सवय नसलेला आपल्यातलाच एक पुढे बसला आणि पुलावर अपघात होऊन बाबासाहेबांचा पाय मोडला. १९३४ मध्ये दौलताबादच्या किल्ल्यावर हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून गर्दी जमली. हिंदू, पारशी, मुसलमान, कोणाचेही दार असो, प्रश्न तोच. व्हिसा हा शब्द त्यांनी शीर्षकात का घेतला, हे या क्रमाने वाचल्यावर कळते. सातासमुद्रापलीकडचा व्हिसा मिळाला होता. अडला तो मसूर ते गोरेगाव या वाटेचा.

मराठी प्रवासवर्णनाचा इतिहास मी या पुस्तिकेपासून शिकवीन. इंग्रजीत लिहिली म्हणून काय झाले, फलाट तर मराठीच होता.

आपल्याकडेही दोष आहे. आपले लोक आता परदेशी जाऊन येतात आणि लिहितात. विमानतळावरचे स्वागत, सभागृह, शाल, बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळचे छायाचित्र. वाड्यातलेच प्रवासवर्णन, फक्त शेवटी जयभीम. उर्मिला पवारांनी १९९४ मध्ये मॉरिशसच्या प्रवासावर पुस्तक लिहिले, तसे प्रयत्न मोजकेच. मेलबर्नच्या चार पानांतही मला हेच खटकले. मुलाने समुद्रकिनारा पाहिला, बाईंची बाग पाहिली, पण ती जमीन आधी कोणाची होती हे विचारले नाही. १७८८ मध्ये ब्रिटिशांचा पहिला ताफा कैदी घेऊन तिथे उतरला आणि जमीन कोणाचीच नव्हती असे धरले गेले. ते खोटे होते, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने माबो खटल्यात मान्य करायला १९९२ उजाडले. गोऱ्यांना दहा पौंडांत जग ओलांडता येत होते, तेव्हा क्वीन्सलँडच्या आदिवासीला वस्ती सोडायला अधिकाऱ्याची परवानगी लागत होती. हजेरी आपल्याला नवी नाही.

बाई ज्या वर्षी उतरल्या, त्याच १९६५ च्या फेब्रुवारीत चार्ल्स पर्किन्स हा आदिवासी विद्यार्थी सिडनी विद्यापीठातल्या सोबत्यांना घेऊन बसने निघाला. मोरी गावच्या सार्वजनिक तलावात आदिवासी मुलांना पोहायला बंदी होती. तिथे ही मुले दारात उभी राहिली, मार खाल्ला, पण पोरांना पाण्यात नेले. हेही प्रवासवर्णनच. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याकडे जी माणसे रांगेने चालत गेली, ती हे लगेच ओळखतील. आपला मुलगा त्या देशात राहतो आणि त्याच्या पानांत पर्किन्स नाही. मोरीची ती बस बाईंच्या बोटीइतकीच त्या साली रस्त्यावर होती.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. २०२२ मध्ये केंद्र सरकारने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांत बदल केला. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास या विषयांना ती मिळणार नाही, असे त्यात म्हटले होते. म्हणजे जा, पण मागे वळून पाहू नका. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर गेलेल्या विद्यार्थ्याने मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या परिसंवादात भारतातील जातींवर निबंध वाचला होता. या नियमाने तो निबंध अपात्र ठरतो. फलाटावरचा स्टेशनमास्तर आता परदेशातही विषय विचारू लागला आहे. आपली मुले तिकडे जाऊन फक्त घरमालकिणीच्या बोटीवर लिहू लागली, तर असा नियम करण्याची गरजही उरणार नाही.

राहिले ते अर्धे पान. त्यात विमान, थंडी, भाताचा भाव आणि एक ओळ. पहिल्या महिन्यात तो चार भारतीय मुलांबरोबर खोलीत राहिला. त्यांनी पहिल्याच संध्याकाळी आडनाव विचारले. याने सांगितले, अमडापूरकर. पुढे कंसात लिहिले आहे की गंमत म्हणून सांगितले.

असे आडनाव आमच्या गावात कोणाचेही नाही. मसूरच्या वाटेवर नाकेदाराला मुसलमान म्हणून सांगणारा नऊ वर्षांचा मुलगा आणि मेलबर्नच्या खोलीत अमडापूरकर झालेला हा मुलगा यांच्यामध्ये सव्वाशे वर्षे आहेत. पहिल्याने ते लिहून ठेवले. दुसऱ्याने कंसात टाकले. खोलीत मग काय झाले, ती खोली त्याने महिन्याभरात का सोडली, बाईंकडे राहायला जाताना त्याला हायसे का वाटले, यातले काहीही पानावर नाही. बाईंनी आडनाव विचारले नसावे, म्हणूनच चार पाने त्यांना मिळाली, असे मला आता वाटते.

मी त्याला कळवले आहे की चार पाने ठेवून घेतो, पण छापणार नाही. कंस काढ आणि त्या ओळीपासून लिहायला लाग.