थंड व कोरड्या जागी ठेवा

मराठी समीक्षकांनी आजवर कशाकशाची समीक्षा केलेली नाही! कवितेची केली, कवितेच्या समीक्षेची केली, त्या समीक्षेवर झालेल्या परिसंवादाचीसुद्धा केली. पण जे वाक्य औषधाच्या बाटलीवर, बिस्किटाच्या पुड्यावर, पापडाच्या पाकिटावर आणि बियाण्याच्या पिशवीवर छापलेलं असतं, जे घरोघरी पोचलेलं आहे आणि तरीही ज्याच्या लेखकाला अजून एक नारळदेखील मिळालेला नाही, त्या वाक्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. ते वाक्य म्हणजे 'थंड व कोरड्या जागी ठेवा.'

वाङ्मय म्हणून पाहिलं तर वाक्य नेटकं आहे. पाल्हाळ नाही, अलंकार नाहीत, नवकवितेसारखं दुर्बोध नाही. कर्ता लपवून ठेवलेला आहे, पण तो तर आमच्या घरकामातही नेहमीच लपलेला असतो. तेव्हा भाषेबद्दल माझी तक्रार नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. कुठलीही साहित्यकृती हातात आली की मी आधी विचारतो, ही कुठल्या मातीत उगवली? आणि मी हा प्रश्न असोद्याहून विचारतो आहे, हे महत्त्वाचं.

असोदा हे जळगावला खेटून असलेलं गाव. बहिणाबाई चौधरींचा जन्म १८८० साली इथे झाला, आणि इथली वांगी भरतासाठी नावाजलेली आहेत. या दोन गोष्टींवर गावाचं छान भागलेलं आहे. तिसरी गोष्ट म्हणजे ऊन. पण त्यावर एकट्या असोद्याला हक्क सांगता येणार नाही, ती अख्ख्या खानदेशची सामाईक इस्टेट आहे. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि दुपारच्या हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते. सदऱ्याची दुसरी बाही पिळेपर्यंत पहिली वाळलेली असते. म्हणजे 'कोरडी जागा' हवी असेल तर आम्ही ती तालुक्याच्या हिशेबाने देऊ. 'थंड'चं तेवढं विचारू नका.

या वाक्याचा मी खोलात जाऊन अभ्यास केला तो सिगारमुळे. आमच्या पुतण्याने परदेशातून येताना काकांसाठी म्हणून सिगारची एक पेटी आणली, आणि तीही ऐन मे महिन्यात. मी सिगार ओढत नाही. पण देणाऱ्याचं मन मोडू नये, आणि दिवाणखान्यात पेटी असली की माणूस उगाचच तीन शेतं जास्त असल्यासारखा वाटतो, म्हणून ठेवून घेतली. त्या पेटीवर एका अंगाला 'हे तुम्हाला मारील' अशा अर्थाचा इशारा होता आणि आतल्या पत्रकात 'याला मरू देऊ नका' अशी विनवणी होती. एवढा करुण नाट्यविरोध आमच्या नाटककारांनाही क्वचितच साधतो.

पत्रकात म्हटलं होतं की सिगार ७० टक्के आर्द्रतेत आणि ७० अंश तपमानात ठेवावेत. मी हे मोठ्याने वाचत असताना शेजारचे आप्पा ओट्यावर टेकले होते. ते दचकून म्हणाले, "सत्तर डिग्री? एवढं त आपल्याइथं बी नही होत, भो!" ते ७० फॅरनहाइट आहेत, म्हणजे आपले २१, असं समजावल्यावर त्यांना हसू आवरेना. "एकवीस? मंग त्याले माघ महिन्यात आणाचं होतं!"

आप्पांची सूचना व्यवहार्य होती, पण पेटी आली होती वैशाखात. तेव्हा या उन्हात सिगारचं होतं तरी काय, हे नीट समजून घेतलं. सिगार म्हणजे तंबाखूच्या पानांची गुंडाळी. चिरूट हा शब्दच मुळी तमिळ 'सुरुट्टु'वरून आला, त्याचा अर्थ गुंडाळी. आत भरणा, त्यावर बांधणीचं पान, आणि सगळ्यांत वर एक तलम, तेलकट पान. कोरड्या हवेत हे वरचं पान आधी आक्रसतं आणि तडकतं. पानातली तेलं एकदा उडाली की मागाहून कितीही ओल दिली तरी ती परत येत नाहीत, आणि वाळका सिगार भराभरा जळून घशाला चटका लावतो. ओल जास्त झाली तर बुरशी. आणि पारा २४-२५ अंशांच्या वर राहिला तर तिसरं संकट उभं राहतं. पानाबरोबर आलेली तंबाखूच्या भुंगेऱ्याची अंडी उबतात, अळ्या आतून पोखरत निघतात आणि सिगारची बासरी होते. हा भुंगेरा परदेशी पाहुणा आहे असं मात्र समजू नका. आपल्या डब्यातली हळद, धने आणि मिरची पोखरणाऱ्यांत तोही असतो. घरातल्या बायका त्याला चांगल्या ओळखतात, फक्त त्याचं हे उच्चभ्रू व्यसन त्यांना ठाऊक नसतं.

आता फ्रिज आहे की, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो. त्यावर आमच्या मंडळींनी एका वाक्यात निकाल दिला, "अहो, त्या काड्या फ्रिजात ठेवल्या तर पन्ह्याला त्यांचा वास लागेल, आणि त्यांना कांद्याचा." शास्त्र याहून वेगळं काही सांगत नाही. फ्रिजची हवा कोरडी असते आणि तंबाखू वास पटकन धरतो. भुंगेऱ्याची अंडी मारायला घट्ट पिशवीत बांधून तीन-चार दिवस बर्फाच्या कप्प्यात ठेवावं, मग एक दिवस खालच्या कप्प्यात, मग बाहेर, एवढाच फ्रिजचा उपयोग. तो दवाखाना आहे, घर नव्हे.

मोठ्या माणसांचा दाखला पाहावा तर शेरलॉक होम्स. १८८७ सालच्या पहिल्याच कादंबरीत या गृहस्थाने नुसत्या राखेवरून त्रिचनापल्लीचा चिरूट ओळखला. पण स्वतःचे सिगार तो ठेवत असे कुठे, तर कोळशाच्या बादलीत! वॉटसनने १८९३च्या एका कथेत याबद्दल कुरकुर केली आहे. लंडनच्या दमट हवेत हे खपून गेलं. आमच्याकडे तसं ठेवलं तर मेच्या दुपारी कोळसा आणि सिगार यांत आधी कोण पेटेल, यावर पैजा लागतील.

इथे माझ्या समीक्षेचा मुद्दा येतो. 'थंड व कोरड्या' या शब्दांतला 'व' खोटा आहे. तो ओलसर, गार देशातला 'व' आहे. तिथे जागा थंड असतेच, ती कोरडी ठेवावी लागते. खानदेशात या दोन शब्दांचं छत्तीसचं नातं आहे. इथे जे जे थंड ते ते ओलं असतं, म्हणूनच थंड असतं. माठ पाझरतो म्हणून पाणी गार होतं. कूलरच्या गवतावर पाणी सोडतात म्हणून वारा गार लागतो. केळीच्या बागेला कडेने शेवरीचं कुंपण घालतात ते गरम वारा अडावा आणि आतली ओल टिकावी म्हणून. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, आणि हवा जितकी कोरडी तितकं ते जोरात उडतं. म्हणजे आमच्या उन्हाळ्याचं औषध त्याच्या कोरडेपणातच आहे. मृग बरसला की हाच माठ संपावर जातो.

ही विद्या आमच्याकडे पदवीवाल्यांजवळ नाही, पानवाल्याजवळ आहे. बाहेर डांबर वितळत असताना त्याच्या टोपलीतली पानं हिरवीगार असतात. वर ओलं फडकं, दर थोड्या वेळाने पाण्याचा शिपका, की झालं. मी त्याला ७० टक्क्यांचं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "टक्के मले नही समजत, भाऊ. फडकं वाळू द्याचं नही." संपूर्ण पत्रकापेक्षा हे वाक्य मला सरस वाटलं. त्यात कर्ता आहे, कर्म आहे आणि कष्टही आहेत.

शेवटी पेटीची व्यवस्था अशी लागली. सिगार घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, बरोबर ओल राखणारी बारकी पुडी. डबा मडक्यात, ते मडकं मोठ्या मडक्यात, मधल्या फटीत ओली वाळू, वर ओलं गोणपाट, आणि सगळं बिऱ्हाड वारा खेळतो अशा सावलीत. बाहेरच्यापेक्षा आत दहा-पंधरा अंश उतरतात. हा शोध माझा नव्हे. नायजेरियातल्या मोहम्मद बाह अब्बा यांना भाजी टिकवणाऱ्या अशाच मडक्यांसाठी २००० साली रोलेक्स पुरस्कार मिळाला. घड्याळाच्या कंपनीनेही मडक्याला मान द्यावा, हे मला आवडलं. आपल्याकडे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९८०च्या दशकात विटांच्या दुहेरी भिंतींत ओली वाळू भरून भाजी-फळांसाठी विजेवाचून चालणारा कक्ष तयार केला होता.

विडीला यातलं काही लागत नाही. ज्या उन्हात सिगार मरतो त्याच उन्हात सातपुड्यात टेंभुर्णीचं पान तोडून वाळवतात. विडीला कोरडेपणाच मानवतो. 'थंड व कोरड्या'तली निम्मी अट ती जन्मतःच पाळते, आणि उरलेल्या निम्म्या अटीबद्दल ती ओढणाऱ्याला कधी कुणी विचारलेलं नाही.

आणि खरी गोष्ट तीच आहे. सिगार वाळला तर माझं काय गेलं? दिवाणखान्यातली तीन शेतं गेली. पण गावाच्या कडेला पत्र्याच्या घरात एक आजी राहतात, त्यांना रोज इन्सुलिन लागतं. त्यांच्या खोक्यावर या वाक्याचा थोरला भाऊ छापलेला असतो: '२ ते ८ अंशांत ठेवा.' फ्रिज नाही, दुपारी वीज असेलच असं नाही, पत्र्याखाली उभं राहवत नाही. आजींनी डॉक्टरांना विचारून बाटली प्लास्टिकच्या डबीत घातली आणि ती डबी ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवली. २ ते ८ तिथे होत नाहीत, पण मडकं खोलीपेक्षा बरंच गार राहतं, हे उष्ण देशांत मोजून पाहिलेलं आहे. धाब्याच्या घराच्या जाड मातीच्या भिंतींत जे काम आपोआप व्हायचं, ते आता आजी दोन मडक्यांकडून करून घेतात, आणि टँकरच्या पाण्यातलं तांब्याभर पाणी स्वतःच्या तहानेआधी वाळूवर ओततात.

म्हणून माझं अंतिम मत असं. 'थंड व कोरड्या जागी ठेवा' ही सूचना नाही, हात झटकणं आहे. माल बिघडला तर आम्ही सांगितलं होतं, एवढं म्हणायची ती सोय. थंड जागा ज्याच्याजवळ आहे त्याला हे वाक्य वाचायची गरज पडत नाही, आणि ज्याच्याजवळ नाही त्याला ते वाचून मिळत नाही. पुढच्या आवृत्तीत लेखकाने खानदेशापुरता एवढा बदल करावा: 'सावलीत, वाऱ्यावर, ओल्या वाळूत, झाकून ठेवा. फडकं वाळू देऊ नका.' खोक्यावर जागा पुरत नसेल तर कंपनीचं नाव थोडं बारीक छापावं.